मंगळवारचं बिरडं

मला त्या पुस्तकाचा अजून राग आहे. लेखक गेला, सासूबाई गेल्या, नागावातली निम्मी घरं कुलपं लावून मुंबईला गेली, तरी माझा राग आपला जागच्या जागी आहे. चारशे बारा पानं, कापडी बांधणी, पहिल्याच पानावर उपरणं घेतलेल्या लेखकाचा फोटो. माणसानं स्वतःच्या आयुष्यावर चारशे बारा पानं लिहावीत आणि त्यात एक धड जेवण नसावं, याला काय म्हणायचं?

मी लग्न होऊन नागावात आले तेव्हा आमचे हे मुंबईला कचेरीत कारकून होते. शनिवारी लाँचनं रेवसला उतरायचे, रविवार घरी काढून सोमवारी पहाटे परत. म्हणजे एरवी घरात आम्ही तिघंच. मामंजी, सासूबाई आणि मी. मामंजी दिवसभर झोपाळ्यावर, आणि झोपाळा अशा बेतानं टांगलेला की तिथून स्वयंपाकघरातलं तुपाचं भांडं नीट दिसावं. बायकामाणसांना तूप पचत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. ते कुणी त्यांना सांगितलं देव जाणे.

सासूबाई तोंडानं फटकळ. माझी भाकरी तव्यावरून उतरली की म्हणायच्या, "ही भाकरी आहे की भिंतीचा पोपडा?" दोन वर्षांत "बरं केलंस" एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. पुरुषांचं झालं की आम्ही दोघी जेवायला बसायचो, तेव्हा माझं पानसुद्धा त्याच वाढायच्या, मला घेऊ द्यायच्या नाहीत. मी खाली मान घालून जेवायची. मी बोलायची ती पुस्तकांशी. सातवी पास होऊन आले होते, आणि हाताला लागेल ते वाचत होते, अगदी सामान बांधून आलेल्या कागदापर्यंत.

आता त्या लेखकाचं सांगायचं तर आधी वारांचं सांगायला हवं. पूर्वी गरिबाघरचा हुशार मुलगा शिकायला गावात आला की सात घरं त्याला आठवड्याचा एकेक वार वाटून घ्यायची. हा मुलगा तळे गावाकडचा, बाप लहानपणीच गेलेला. देवळाच्या ओवरीत राहायचा, ज्याचा वार असेल त्याच्याकडे जेवायचा आणि चालत अलिबागला इंग्रजी शाळेत जायचा. अशी चार वर्षं. पुढे तो मुंबईला जाऊन फार मोठा झाला, सभांतून बोलू लागला, वर्तमानपत्रांत त्याचं नाव यायला लागलं. आणि इकडे नागावात त्या सात घरांना त्यांचे वारच चिकटले. सोमवारवाले, बुधवारच्या काकू, शनिवारचे अप्पा. कुणाचं आडनाव काय हे मला वर्षभर कळलं नाही, पण वार आठ दिवसांत पाठ झाले. सोमवारवाल्यांकडे सोमवारी उपास असायचा, त्यामुळे त्या मुलाला तिथं चार वर्षं वऱ्याचे तांदूळच मिळाले. त्या घरातली माणसं त्यावरून अजून ओशाळवाणी व्हायची.

आमचं घर मंगळवारचं. आणि मंगळवारी बिरडं.

वालाचं बिरडं खाणाऱ्याला सोपं वाटतं. वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाका आणि मग एकेक वाल चिमटीत धरून सोला. अक्षरशः एकेक. तेव्हा सासूबाई चौदा वर्षांच्या, नवी सून. त्यांची सासू म्हणाली होती, "वाराच्या मुलाला कसलं बिरडं? आमटीभात वाढ." सासूबाईंनी ऐकलं नाही. एका मंगळवारी त्यावरून सासूनं त्यांना दिवसभर उपाशी ठेवलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा बिरडं! आणि शेवटच्या वर्षी पानावरून उठताना तो मुलगा म्हणाला होता म्हणे, "वहिनी, मी कुठंही गेलो तरी हे बिरडं विसरायचो नाही."

हे सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही चुलीकडं तोंड करून. मला तेव्हाच कळलं की या बाईला आयुष्यात गोड असं कुणी काही म्हटलं असेल तर ते एवढंच.

तर महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्या थोर माणसाचं आत्मचरित्र आलं. काय ते कौतुक! आमचे हे दर शनिवारी नवं वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि त्यात नवी स्तुती असायची. प्रांजळ आहे, ओघवतं आहे, डोळ्यांत पाणी आणणारं आहे. मी सगळं वाचून काढलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बुधवारचे मास्तर, म्हणजे बुधवारच्या काकूंचे यजमान, गावच्या वाचनालयाचे चिटणीस होते. त्यांनी तर पुस्तक यायच्या आधीच देवळात त्यावर तासभर व्याख्यान दिलं.

वाचनालयात एकच प्रत आली. मागणारी घरं सात. प्रत्येक घराला वाटत होतं की पुस्तकात आपण आहोत, आणि प्रत्येकाला ते सगळ्यांच्या आधी हवं होतं. हातघाईवर यायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी तोड काढली. मुलाला जशी घरं, तशीच पुस्तकाला! सोमवारी सोमवारवाल्यांकडे, मंगळवारी आमच्याकडे, बुधवारी त्यांच्याकडे. एक दिवस ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे पाठवायचं. आणणं-नेणं वाड्यांतून शिंपणं करणाऱ्या गड्याकडे. तो मंगळवारी सकाळी अंगणात उभा राहून ओरडायचा, "बाय, ह्यो घ्या तुमचा मंगलवार. लय जड हाय!" त्या पुस्तकावर मी आजवर वाचलेल्या-ऐकलेल्या अभिप्रायांपैकी हा एकच खरा.

दुपारची झाकपाक झाली की सासूबाई वाल सोलायला घ्यायच्या आणि मी वाचायची. त्यांना अक्षरओळख नव्हती. पहिल्या मंगळवारी लेखकाचे पणजोबा झाले. दुसऱ्या मंगळवारी आजोबा. तिसऱ्या मंगळवारी लेखकाच्या जन्माच्या वेळी आकाशात काय काय दिसलं ते. मी मोठ्या आशेनं पान उलटायची, आणि पुढच्या पानावर पुन्हा कुणीतरी त्यांच्या बुद्धीचं तेज ओळखलेलं असायचं. गुरुजींनी ओळखलं, मामलेदारांनी ओळखलं, एका साहेबानं तर नुसतं चालणं बघून ओळखलं. माझी घोर निराशा झाली हो! पण बोलायची सोय नव्हती. वर्तमानपत्रं चांगलं म्हणत होती, मास्तर म्हणत होते. मला वाटलं आपलीच अक्कल सातवीपुरती.

सासूबाईंचा प्रश्न मात्र एकच. तासाभरानं हात न थांबवता विचारायच्या, "बिरडं आलं का गं?"

"अजून नाही, आई. अजून ते जन्मतायत."

"जन्माला किती वेळ लावतो मेला!"

पुस्तकात सात घरांच्या सात खुणा होत्या. सोमवारची आगकाडी, आमची नारळाच्या झावळीची हिरकुटी, बुधवारची लाँचचं जुनं तिकीट. त्यामुळे कोण कुठवर आलं ते साऱ्यांना दिसायचं. बहुतेक खुणा पणजोबांच्या आसपास मुक्काम ठोकून होत्या. पण एकदा लाँचचं तिकीट एका आठवड्यात एकशे दहा पानं पुढं गेलं. मास्तरांचं वाचन आहे दांडगं, असं आधी वाटलं. मग आगकाडीनंही उडी मारली, शनिवारच्या अप्पांचं जानव्याचं सूत तर थेट दोनशे साठाव्या पानावर जाऊन बसलं. अप्पांना मोतीबिंदू होता! तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुस्तक कुणीच वाचत नाहीये, नुसत्या खुणा पळवतायत. आणि तरी विहिरीवर, देवळात, बाजारात जो तो म्हणायचा, "काय लिहिलंय! वा!"

सातव्या मंगळवारी आलं नागाव. त्र्याऐंशीव्या पानावर. मी डोळ्यांनी आधी पुढच्या ओळी वाचल्या आणि थांबलेच. दोन वाक्यं होती. अष्टागरातल्या एका गावी परान्नावर विद्यार्जनाची चार वर्षं काढली, त्या काळाविषयी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. बस्स. पुढच्या ओळीत स्वारी मुंबईला.

विशेष काही नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर सासूबाई पाटावर बसलेल्या, मांडीवर ताट, नखं वालाच्या सालांनी काळीशार, आणि नेहमी चालता असलेला हात पहिल्यांदाच थांबलेला. "का थांबलीस? गाव आलं ना आपलं?"

"आलं," मी म्हटलं.

"बिरडं?"

"आलं की."

आणि मी पुस्तकात बघून धडाधड खोटं वाचत सुटले. मंगळवारच्या घरी एक नवी सून होती, ती माझ्यासाठी वालाचं बिरडं करी, एकेक वाल सोलून तिची नखं काळी पडत. त्यापायी ती एकदा उपाशी राहिली, पण पुढच्या मंगळवारी बिरडं चुकलं नाही. इथं थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण मला चेव आला. मी पुढं वाचलं, "ती सून भाताच्या मुदीखाली लपवून तुपाची धार सोडी. भात फोडला की ते तूप दिसे, आणि या परक्या घरात आपलं कुणीतरी आहे असं वाटे."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत वाच."

आता मेली मी! पहिल्यांदा काय म्हटलं ते शब्द आठवेनात. थोडं इकडचं तिकडं झालं, तूप मात्र तसंच आलं.

"पान कितवं?"

"त्र्याऐंशी."

उठल्या, हात धुतले आणि परसात जाऊन कुंपणावरून बुधवारच्या काकूंना हाक मारली. "अहो, आमचं बिरडं आलंय हो पुस्तकात! पान त्र्याऐंशी! बघा उद्या!"

मंगळवार संपायच्या आत पुस्तक विहिरीत टाकावं असंसुद्धा माझ्या मनात आलं. पण बुधवारी सकाळी गडी आला आणि घेऊन गेला. मी दिवसभर चुलीपुढे बसून कुंपणाकडे कान लावले. दुपारी काकूंचा आवाज आला, "अहो, त्र्याऐंशी पानावर यांचं बिरडं आहे म्हणे. आहे का?"

आता मास्तरांची खूण तेव्हा तीनशे पंचविसाव्या पानावर होती. एवढं वाचलेला माणूस त्र्याऐंशीव्या पानावर काय आहे ते बघायला मागं कसा जाईल? मास्तर खाकरले आणि म्हणाले, "आहे तर! फार हृद्य प्रसंग आहे. मी तुला म्हणणारच होतो."

माझा जीव भांड्यात पडला. पण गोष्ट तिथं थांबते थोडीच! गुरुवारी गुरुवारवाल्यांना त्यांची अळूची भाजी सापडली. शुक्रवारी पुरणपोळी. शनिवारच्या अप्पांना त्यांनी दिलेला जुना सदरा मिळाला, तोही मोतीबिंदूच्या डोळ्यांना. सोमवारवाले तर रडायचेच बाकी होते. त्यांच्या वऱ्याच्या तांदळांविषयी लेखकानं म्हणे लिहिलं होतं की त्यामुळे मला संयम शिकता आला. पंधरवड्यात अख्ख्या गावानं मिळून त्या पुस्तकात इतकं चांगलं जेवण घातलं की मला वाटलं, आता खरोखरच वाचण्यासारखं झालंय हे.

मी कुणाला खोडून काढू? सगळ्यांत आधी शेण मीच खाल्लं होतं.

आणि मग बातमी आली की थोर पुरुष स्वतः नागावात येताहेत. शाळेत सत्कार, मग जेवण. दिवस रविवारचा, म्हणून जेवणाचा मान रविवारवाल्यांचा. त्यावर कुणी वाद घातला नाही. सासूबाईंनी शुक्रवारीच वाल भिजवले. "त्याच्या पानात वाटी माझी जाणार," म्हणाल्या. मला दोन दिवस अन्नाची चव म्हणून लागली नाही. तो माणूस उठून म्हणाला की मी असलं काहीच लिहिलेलं नाही, तर या बाईनं चारचौघांत तोंड कुठं लपवायचं? आणि कुणामुळे? माझ्यामुळे.

शाळेच्या पडवीत सतरंज्या. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबाआड. मास्तर भाषणाला उभे राहिले आणि सोमवारपासून सुरू झाले. वऱ्याचे तांदूळ, बिरडं, नखं, भाताखालचं तूप, अळू, पुरणपोळी, सदरा. "आपल्या ग्रंथातील ही पानं वाचून आम्हां सात घरांचे डोळे भरून आले!" मी खांबामागं रामरक्षा म्हणत होते. लेखकाच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या सगळ्या गावाकडं पाहिलं. मग सावकाश उठले, चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "ती पानं लिहिताना माझी लेखणी थरथरत होती."

टाळ्यांचा कडकडाट! मी रामरक्षेत कुठं होते तेच विसरले. कसला प्रांजळ!

सभा संपल्यावर सासूबाई पदर सावरून पुढं गेल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओळखलंत का?"

"ओळखलं तर! न ओळखायला काय झालं?" लेखक हसून म्हणाले. "बुधवारच्या काकू ना?"

मला वाटलं धरणी दुभंगावी. सासूबाईंनी सावरलेला पदर पुन्हा सावरला. मग म्हणाल्या, "नाही. त्या मागं आहेत," आणि बाजूला झाल्या.

पुरुष रविवारवाल्यांकडे जेवायला गेले. सासूबाईंनी तरीही बिरड्याची वाटी झाकून गड्याच्या हाती दिली. मी म्हटलं, "आई, राहू दे ना आता." म्हणाल्या, "केलंय ते त्याच्यासाठी केलंय." अर्ध्या तासानं गडी वाटी घेऊन परत आला. झाकण तसंच. "बाय, त्यांना वाल चालत न्हाय. डाक्टरनं बंद केलंय, वात होतो म्हनं."

मामंजी जेवून येऊन झोपाळ्यावर बसले होते. आमचे हे तिकडंच गप्पा मारत राहिलेले. आम्ही दोघी जेवायला बसलो. सासूबाईंनी नेहमीसारखं माझं पान वाढायला घेतलं, आणि मला काही ते बघवेना. मी रडायलाच लागले. म्हटलं, "आई, माझं चुकलं. पुस्तकात बिरडं नाहीच आहे. काहीच नाही. मी मनचं वाचलं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू वाचलंस तेव्हापासून." त्या मूद पाडत होत्या. "बिरड्यापर्यंत मला खरं वाटलं. मग तू तूप आणलंस. अगं, माझ्या सासूच्या राज्यात तुपाचं भांडं कडीकुलपात. त्या पोराला मी कुठून घालणार भाताखाली तूप?" आणि मूद माझ्या पानात उपडी करून म्हणाल्या, "भाताखाली तूप मी उभ्या जन्मात एकाच पानात घातलंय."

खरंच होतं. घरात आले त्या दिवसापासून, रोज, मामंजींच्या नजरेआड. भात फोडला की खाली तूप. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी कळलं. पण दोन वर्षांत त्याविषयी ना त्या कधी बोलल्या, ना मी. दिवसभर बोलणी खायची आणि दुपारी ते तूप. माहेर आठवून रडू यायचं ते त्या घासाला थांबायचं. पुस्तकाकडे बघत मी खोटं वाचत गेले आणि तोंडातून बाहेर आलं ते हे.

"मग गावभर का सांगितलंत?" मी डोळे पुसत विचारलं.

"इतकं चांगलं वाचलंस," त्या म्हणाल्या, "ते वाया कशाला घालवू?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी चांगलं म्हटलं होतं. लगेच सावरून घेतलं म्हणा: "बिरड्याला तूप लागत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

मग त्यांनी हात लांब करून तुपाचं भांडं ओढलं आणि माझ्या भातावर, वरून, उघड उघड, चांगली मोठी धार सोडली. नंतर स्वतःच्या भातावर. बाहेर झोपाळ्याची करकर थांबली. मामंजी मान पुढं काढून बघत होते.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं नाही. "पुस्तकात छापून आलंय," म्हणाल्या. "पान त्र्याऐंशी. मास्तरांना विचारा हवं तर."

मामंजींनी मान आत घेतली. मग झोपाळा पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही दोघींनी ती परत आलेली वाटी मधोमध ठेवून अर्धी अर्धी घेतली.